डाव्या खुब्यात मुंगी नव्हती

शिल्लक : ३४०

जांघेत दुखतंय हे शरयूनं तोंडानं सांगितलंच नाही. तिच्या हातानं सांगितलं.

खो-खोचा सकाळचा उपांत्य सामना नुकताच संपला होता. फलटणच्या उगवती मंडळाच्या पोरी जालन्याच्या मैदानाकडेला लिंबूसरबत पीत, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत बसल्या होत्या. शरयू सरक तेवढी उभी होती. डावा हात डाव्या खुब्यावर. अंगठा मागं, चार बोटं पुढं जांघेकडं वळलेली. गरम चहाचा पेला धरावा तसा तिनं खुबा धरला होता.

त्यांची प्रशिक्षक शैलजा भोईटे हिनं तो हात पाहिला आणि ओळखला. स्वतः खेळत होती तेव्हा तीही अशीच उभी राहायची. डॉक्टर म्हणायचे लचक आहे. मालिश करणारी म्हणायची शीर चढलीय. फोटोत काही दिसत नाही, असं तिघांनी सांगितलं. अकरा वर्षं तिनं खुबा हातात धरून काढली आणि अडतिसाव्या वर्षी तो बदलून घेतला.

"काय गं, काय झालं?"

"कुठं काय?"

"हात का ठेवलायस तिथं?"

शरयूनं हात काढला. "सवय आहे, ताई."

"कधीपासनं आहे सवय?"

शरयूनं बाकीच्या पोरींकडं एकदा पाहून घेतलं. "दिवाळीपासनं. पळताना नाही होत. चौकोनात बसून उठलं ना, की आत काहीतरी अडकतं. दार चौकटीला अडावं तसं. गाडीत लांब बसलं तरी होतं. कालच्या प्रवासात झालं."

शैलजानं तिच्या उजव्या मांडीवरची पट्टी पाहिली. हिरवी. आकडा तीनशे चाळीस.

अंतिम सामना चार वाजता होता.


शिल्लक : ३४०, म्हणजे काय

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. गोळा गोल, वाटी गोल, मधे गुळगुळीत कूर्चा. जन्मभर फिरला तरी आवाज नाही. पण काहींच्या गोळ्याला मानेजवळ टेंगूळ असतं. बारा-चौदा वर्षांच्या वयात, हाड कच्चं असताना फार खेळ झाला की ते वाढतं म्हणतात. काहींची वाटीच कडेला जरा पुढं आलेली असते. अशी माणसं चालतात, पळतात, त्यांना पत्ताही नसतो. गुडघा छातीला टेकेल एवढं खाली बसलं, की मात्र टेंगूळ वाटीच्या कडेवर आपटतं. कडेला रबरासारखी मऊ किनार असते, ती चिमटते. पुन्हा पुन्हा चिमटली की फाटते. किनार गेली की कूर्चा सोलवटू लागते, आणि कूर्चा परत येत नाही.

खो-खोत आक्रमणाला बसलेली पोरगी एका डावात किती वेळा बसते आणि उठते, ते बघणाऱ्यानंच मोजावं.

ते मोजायला मुंगी आली. मोहरीहून बारीक दाणा, सुईनं सांध्याच्या पिशवीत सोडायचा. मुंगीला दिसत काही नाही. ती ऐकते. गोळा वाटीत सरकला तर एक आवाज, टेंगूळ कडेवर आपटलं तर दुसरा. तोकडा, कोरडा, शेंग फोडल्यासारखा. असा एक आवाज आला की मांडीवरची पट्टी थरथरते आणि हंगामाच्या चारशेतला एक आकडा कमी होतो. पोरींची भाषा सोपी : मुंगी चावली.


नियमपुस्तकातून

"३१ (क). प्रत्येक खेळाडूने चौकोनात बसताना कोणता पाय पुढे ठेवते याची नोंद करावी. पुढच्या पायाच्या खुब्यात मुंगी बसवली जाईल. शिल्लक शून्य झाल्यास खेळाडू उरलेला हंगाम बाद.

३१ (ड). नोंदवलेला पाय बदलून बसणे ही फसवणूक समजली जाईल. संघ स्पर्धेतून बाद व प्रशिक्षकाचा परवाना रद्द.

३२. मैदानावर नऊ खेळाडू उतरू शकत नसतील तर सामना प्रतिपक्षाला."


शिल्लक : ३४०, ती कशी राहिली

दोन वर्षांपूर्वी मंडळाची सगळ्यात चपळ पोरगी निम्म्या हंगामातच शून्यावर आली. तिचं काही म्हणजे काही दुखत नव्हतं. टेंगूळ होतं, आवाज होता, दुखणं नव्हतं. पट्टी लाल झाली आणि निवड हुकली. पोरीनं खेळ सोडला आणि मोबाइलच्या दुकानात कामाला लागली. शैलजा चिडली. मुंगीला ऐकू येतं, पण कळत नाही, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली.

मग एके दिवशी तिनं पोरींना मैदानावर बसवलं. खो-खोतली बैठक शर्यतीत सुटायच्या आधीसारखी असते : एक पाय पुढं दुमडलेला, एक मागं. सगळ्यांची नोंद उजव्या पायाची. शैलजा म्हणाली, "आजपासनं एक दिवस उजवा पुढं, एक दिवस डावा. भार दोन्हीकडं वाटला जाईल. निम्मा निम्मा."

तिला ते खरंच शहाणपणाचं वाटलं होतं. घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतोच की आपण.

पण उजवीकडं बसलं की आकडा कमी व्हायचा आणि डावीकडं बसलं की होत नसे. पोरी काय वेड्या आहेत? आधी महत्त्वाच्या सामन्यांत डावी बैठक आली, मग सगळ्याच सामन्यांत, मग सरावातही. पंच पळणाऱ्या पोरी बघतात, कुणी खांब शिवला, कुणाचा पाय रेषेबाहेर गेला ते. बसलेल्यांचे पाय कोण बघतो? शैलजा बघत होती. काही बोलली नाही. डावी बैठक शिकायच्या आत तीन नव्या पोरी यंदा शून्यावर आल्या, तेव्हा तर तिला आपलंच बरोबर वाटलं.

बारातल्या तीन गेल्या. नऊ उरल्या. शरयू नववी.


शिल्लक : ३४०

स्पर्धेचे डॉक्टर इरफान मुजावर मिरजेचे. मैदानामागच्या शाळेत त्यांनी दोन वर्ग घेतले होते. फळ्यावर अजून कुणाची तरी त्रैराशिकं होती.

"पट्टी तर हिरवी आहे," ते म्हणाले. "दुखतंय कुठं?"

"डावीकडं," शैलजा म्हणाली.

"डावीकडं मुंगी नाही."

"म्हणून तर आणलंय."

मुजावरांनी तिच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग शरयूला बाकावर उताणं झोपवलं. तिचा डावा गुडघा वर आणला, छातीकडं, मग आत, नाभीच्या दिशेनं, आणि पाऊल हलकेच बाहेर नेलं, म्हणजे मांडी आत फिरली. शरयूचा चेहरा हलला नाही. खेळणाऱ्या पोरी तोंड वाकडं करत नाहीत, ती शिकवणही शैलजाचीच. पण तिच्या डाव्या हाताची बोटं बाकाच्या कडेवर पांढरी पडली.

"दुखलं?"

"थोडं."

"थोडं," मुजावर म्हणाले. त्यांनी तिची फाइल पडद्यावर उघडली. तीन वर्षांपूर्वी मुंगी बसवताना काढलेली चित्रं. पहिल्या पानावर उजवा खुबा, बारीकसं टेंगूळ. त्यांनी पान उलटलं. डावा. शैलजाकडं ही फाइल तीन वर्षं होती. दुसरं पान तिनं कधी उलटलं नव्हतं.

डावीकडचं टेंगूळ जवळपास दुप्पट होतं.

"नुसतं टेंगूळ म्हणजे आजार नव्हे," मुजावर म्हणाले. "कितीतरी लोकांना असतं, म्हातारपणापर्यंत कळत नाही. पण जिला हे एवढं आहे ती उजव्या पायावर बसते, तर डावा का दुखतोय?"

 बाहेर माइकवर कुणीतरी "हॅलो, हॅलो, चेक" म्हणत होतं.

"बरं," ते म्हणाले. "दुखणं सांध्यातलंच आहे की कमरेतनं येतंय की नुसता स्नायू धरलाय, ते चित्रावरून ठरत नाही. सुईवरून ठरतं. सांध्यात भुलीचं औषध सोडतो. दुखणं सांध्यातलं असेल तर पूर्ण जाईल. कमरेतलं असेल तर राहील."

यंत्राच्या हातानं सुई धरली, पडद्यावर वाट दिसली, चार मिनिटांत काम झालं. दीड वाजला होता. वीस मिनिटांनी मुजावरांनी पुन्हा गुडघा वर आणला, आत नेला, फिरवला.

शरयू हसली. "काहीच नाही. डॉक्टर, काहीच नाही होत."

मुजावर हसले नाहीत. "म्हणजे सांधाच आहे. किनार चिमटून फाटलीय, थोडी असेल. सहा आठवडे खाली बसणं बंद. पार्श्वभागाचे, पोटाचे स्नायू घट्ट करायचे, बसायचा कोन बदलायचा. बऱ्याच पोरी तेवढ्यावर परत खेळतात. नाही भागलं तर दुर्बीण घालून टेंगूळ तासायचं, किनार शिवायची. तेही चांगलं होतं."

"आणि आज?" शरयूनं विचारलं.

"आज भूल आहे. संध्याकाळपर्यंत काही दुखणार नाही. आत किती फाटतंय ते तुला कळणार नाही, मलाही नाही."

"पण खेळता येतं ना? पट्टी हिरवी आहे."

मुजावरांनी हातमोजे काढून टोपलीत टाकले. "मी खेळू नको म्हणतोय, तसं लिहूनही देतो. पण नियम फक्त मुंगीला विचारतो. तू सज्ञान आहेस. माझ्या हातात सल्ला आहे, शिट्टी नाही." मग शैलजाकडं बघून, "शिट्टी ज्यांच्या हातात आहे त्यांना मात्र मघाच्या प्रश्नाचं उत्तर लागेल."


शिल्लक : ३४०

वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात शरयूनं दोन उड्या मारल्या. मग फरशीवर बसली, डावा पाय पुढं, गुडघा छातीला. उठली, पुन्हा बसली.

"बघा ताई. लोणी."

"उठ."

"चार महिन्यांत असं बसले नव्हते. खरंच काही नाही."

"म्हणूनच उठ म्हणते."

शरयू उठली. "मी नाही तर आठ होतात. आठांना सामना मिळत नाही."

"माहितेय मला."

"वनरक्षकाची भरती लागलीय. क्रीडा कोट्याला राज्यात पहिलं आल्याचा दाखला लागतो, दुसऱ्याचा चालत नाही. आई तालुक्याला जाऊन फॉर्म घेऊन आलीय. तिला काय सांगू, ताईंना ऐनवेळी माया आली म्हणून?"

"वनरक्षकाला रोज डोंगर चढायला लागतो, शरू. खुबा लागतो त्याला."

"तुमचा तर बदललेला आहे. चढता की जिने."

"चढते. तीन वर्षांनी चढायला लागले. आणि आता हाही झिजलाय; तो पुन्हा बदलायचा का, ते पुढल्या महिन्यात बघायचंय." शैलजानं एवढं कुणाला सांगितलं नव्हतं. "मी शेहेचाळीसची आहे. तू एकोणीसची."

 शरयू हळू आवाजात, अगदी सरळ म्हणाली, "डावीकडं बसवलं कुणी मला?"

शैलजानं मैदानाकडं पाहिलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला, पहिल्या दिवशी. डावीकडं पण तसंच टेंगूळ असलं तर, म्हणून. तुम्ही काय म्हणालात? जास्त शहाणपणा नको, बस. बसले. आता दुखत नाहीये तर उठ म्हणताय." तिनं केसांचा रबर काढून पुन्हा घट्ट बांधला. "मी खेळणार. नाव खोडलंत तर मी पंचांकडं जाईन. पट्टी दाखवीन."

ती मैदानाकडं गेली. सरळ, ताठ, जराही न लंगडता.


एक अर्धं निवेदन, तीन वाजून पाच मिनिटं

मा. स्पर्धाप्रमुख यांस,

शरयू सरक हिला ताप आल्यामुळे आमचा संघ (खोडलं)

शरयू सरक हिच्या घरी अचानक (खोडलं)

काही अपरिहार्य कारणामुळे आमच्याकडे नऊ खेळाडू नसल्याने आम्ही अंतिम सामना सोडत आहोत. दुसऱ्या क्रमांकाचे दाखले मुलींना (इथं पेन थांबलं)

हे जमण्यासारखं होतं. सामना जाईल, दुसरा क्रमांक राहील. शरयू आरडाओरडा करील, पण ती खेळणार तर नाही. परवाना राहील, मंडळ राहील. पुढच्या वर्षी शरयूला उजवीकडं बसवता येईल. बाकीच्या आठ जणी ठणठणीत आहेत.

शैलजानं कागद घडी करून खिशात घातला आणि पोरींना सरावाला बोलवायला निघाली. सामना सोडायचा तरी लोकांसमोर अंग गरम केलेलं दिसलं पाहिजे.


शिल्लक : ३४०

"बसा."

आठ चौकोनांत आठ जणी बसल्या, नववी पळायला उभी. खो-खोत बसणाऱ्यांची तोंडं एकाआड एक विरुद्ध दिशेला असतात. एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. शैलजा नेहमी तंबूच्या बाजूला उभी राहायची. तिथनं चार चेहरे दिसतात, चार पाठी.

आज कशानं कोण जाणे, ती खांबाला वळसा घालून पलीकडं गेली.

शरयू चौथ्या चौकोनात होती. सुखात बसली होती, भुलीच्या आशीर्वादानं. शैलजाची नजर तिच्यावरून पुढं सरकली. दुसऱ्या चौकोनातली पोरगी उठायच्या आधी डावा गुडघा किंचित बाहेर फेकत होती, टेंगळाला वाट करून देत होती. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. सहाव्यातली बसलीच मुळी अर्धी, टाच उचलून. आठव्यातली, संघातली सगळ्यात लहान, सतरा वर्षांची, खो मिळून उठली, खांब शिवून आली आणि श्वास घ्यायला थांबली.

तिचा डावा हात खुब्यावर गेला. अंगठा मागं, चार बोटं पुढं.

"कधीपासनं?" शैलजानं विचारलं.

"काय, ताई?"

"तो हात."

पोरीनं हात चटकन काढला, आणि आधी शरयूकडं पाहिलं. मग दुसऱ्या चौकोनाकडं. दुसऱ्या चौकोनातलीनं मान खाली घातली. म्हणजे त्यांना एकमेकींचं ठाऊक होतं. सगळ्या पोरींना ठाऊक होतं. नऊ मांड्यांवर नऊ हिरव्या पट्ट्या होत्या, आणि मैदानावर एकटी शैलजाच पट्ट्या बघत होती.

खिशातला कागद तिनं बाहेर काढला. घडी उलगडली. मग त्याचे चार तुकडे केले, कारण त्यात खरं असं काहीच नव्हतं.


शिल्लक : (विचारू नका)

स्पर्धाप्रमुखांच्या टेबलावर फुलांचे गुच्छ ठेवले होते. ते नाणेफेकीचं नाणं शोधत होते.

"साहेब, आमचा संघ बाद करा."

"काय झालं मॅडम? आठच आहेत का?"

"नऊ आहेत. नऊच्या नऊ डावीकडं बसतात. दोन वर्षं झाली. नोंद उजव्याची आहे."

प्रमुखांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, प्रेक्षक आलेत. उद्या लेखी द्या ना. आज होऊन जाऊ दे सामना."

"आज झाला तर चार पोरींची किनार फाटेल. जास्तच, कमी नाही. मुजावर डॉक्टरांना म्हणावं सगळ्यांचे डावे खुबे तपासा. कागद मी देते, सही मी करते. पोरींनी काही केलं नाही. त्यांना मी बसवलं, तशा बसल्या." तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून गुच्छांशेजारी ठेवलं. "आणि एक. एकाच खुब्यात मुंगी घातली की माणूस दुसऱ्यावर बसतो. हे पुस्तकात घाला. नाहीतर माझ्यासारख्या अजून निघतील. निघाल्याही असतील."

मागं पाऊल वाजलं. शरयू उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

तिनं शैलजाकडं असं पाहिलं, की कानफटात मारली असती तर बरं. मग वळून गेली. अजूनही न लंगडता.


शिल्लक : ३४०

साडेपाच वाजता दुसऱ्या संघाला ढाल देताना टाळ्या वाजल्या. उगवतीच्या पोरी तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात रांगेनं बसून मुजावरांच्या खोलीत एकेक करून जात होत्या. नवांपैकी पाच जणींना गुडघा आत नेताना दुखलं. त्यातल्या दोघींनी तसं आपणहून सांगितलं, पहिल्यांदाच.

सव्वासहाला मंडळाची बस आली. पोरी चढल्या. फारसं कुणी बोलत नव्हतं, आणि ज्या बोलत होत्या त्या शैलजा जवळ आली की गप्प होत होत्या. तिच्या मनानं ते ठीक होतं.

शरयू शेवटची राहिली. बसची पहिली पायरी उंच होती, खाली जमीन खचलेली. तिनं दांडी धरली, सवयीनं डावा पाय उचलला, गुडघा वर आला आणि तिथंच थांबला. भूल उतरली होती. सकाळपासून न वाकलेला चेहरा आता वाकडा झाला, आणि तिनं तो लपवलाही नाही.

पाय परत खाली. हात खुब्यावर.

शैलजा मागं उभी होती. हात पुढं करावा की नाही, तिला ठरवता येईना.

"आईला फोन केला?" तिनं विचारलं.

"केला." शरयूनं पुढंच बघत उत्तर दिलं. "म्हणाली, तुझ्या ताईला जेवायला आण एकदा. मला बोलायचंय तिच्याशी." आणि मग, "चांगलं बोलणार नाहीये ती."

"येईन."

आतून ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बसची पायरी तेवढीच उंच होती.

"उजवा आधी," शैलजा म्हणाली.

शरयूनं वळून पाहिलं. मग हात मागं केला, न बघता, भिंत चाचपावी तसा. शैलजानं तो धरला. शरयूनं उजवा पाय पायरीवर ठेवला, गुडघा छातीपर्यंत आला, सगळा भार त्याच्यावर घेतला आणि वर चढली.

मांडीवरची पट्टी थरथरली.

"चावली," शरयू म्हणाली.

शिल्लक : ३३९